पेवाच्या तोंडाशी

त्या सकाळी मयूरीच्या हातून आधी वाटी पडली, मग तांब्या पडला, आणि विनोदिनीकाकी चुलीपुढून न वळताच म्हणाल्या, "राहू दे गं ती भांडी. आज आदळआपट करायला घरात पुरुषमाणसं आहेत पुरेशी."

पुरुषमाणसं बाहेरच्या खोलीत पोह्यांवर ताव मारत होती. आप्पासो, म्हणजे मयूरीचे सासरे, पहाटेच साताऱ्याहून फियाट घेऊन निघाले होते आणि आल्या आल्या त्यांनी सगळ्यात मोठी खुर्ची धरली होती. हळदीचा धंदा दोघा भावांचा. साताऱ्याची पेढी आप्पासोंकडे, सांगलीतली खरेदी आणि हरिपूरची, जमिनीत हळद साठवायची पेवं धाकट्या गंगाधरकाकांकडे. दिवाळीत काकांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून आप्पासोंनी आपल्या मुलाला, मुकुलला, मयूरीसकट सांगलीला धाडलं होतं. तेव्हापासून मुकुल काम बघत होता, पण काकांच्या वतीने. आता आप्पासोंना तो 'वतीने' नको होता. आज दुपारी जेवणं झाली की सगळा कारभार मुकुलच्या हाती द्यायचा, असं त्यांनी फोनवरच ठरवून टाकलं होतं.

मयूरी पाण्याचे पेले घेऊन बाहेर गेली तेव्हा काका बोलत होते.

"दादा, माझी काही हरकत नाही. मुकुल हुशार आहे. फक्त एक करा. वर्षभर पेवांवर जोतीरामचं ऐका. तो म्हणेल तेव्हा उतरायचं, तो नको म्हणाला की नाही."

आप्पासो हसले. "मुकादम सांगणार आणि मालक ऐकणार? उलटंच की रे सगळं!"

"मी अजून ऐकतो. मला तरी त्यातलं सगळं कुठं कळतं?"

"एवढी वर्षं धंदा करून कळत नाही म्हणतोस, आणि ते परक्यांसमोर बोलतोस!" आप्पासोंनी डोळ्यांनीच बाजूच्या पाहुण्यांकडे खूण केली. राजकोटचे एक व्यापारी बसले होते, दोन माणसं सोबत घेऊन. त्यांना आजच माल बघायचा होता.

काकांचा हा स्वभाव घरात चेष्टेचा विषय होता. चहा आला की ते आधी हमालांना द्यायला लावायचे, आणि हमाल त्यांना मालक न म्हणता अण्णा म्हणायचे. बाजारभावाचा अंदाज चुकला तर चारचौघांत 'माझी चूक झाली' म्हणायचे. काकी म्हणायच्या, 'ह्यांना मालक कोण म्हणेल? आमच्या दारातली मांजरसुद्धा ह्यांना विचारून आत येत नाही.' मयूरीही हसायची. मुकुल मात्र हसायचा नाही. त्याला काकांची लाज वाटायची, आणि ते तो लपवतही नव्हता.

"पेवात उतरायचं एवढं काय अवघड आहे, ते आज मीच दाखवतो," मुकुल उठत म्हणाला. "आप्पा, चला. काकांसारखाच मी पहिला उतरतो. मग तर झालं?"

काकांनी मान वर केली. "कुठलं पेव उघडलंय?"

"वडाखालचं."

"काल उघडलंस ना?"

मुकुल चपला शोधत होता. "उघडलंय, काका," एवढंच तो म्हणाला.

गाडीत आप्पासो, मुकुल, मयूरी आणि ते तिघे पाहुणे कोंबून बसले. पेव उघडलं की घरच्या सुनेने हळदकुंकू वाहून नारळ द्यायचा, ही त्या घरची रीत, म्हणून मयूरीला जाणं भाग होतं. काका गाडीत शिरायला आले होते, पण पाहुण्यांची अडचण बघून मागे सरले. "तुम्ही व्हा पुढे. मी आणि ही रिक्षाने येतो." त्यांनी स्वतःच्या हाताने दार लावून दिलं. त्या माणसाने आयुष्यभर हेच केलं होतं, दुसऱ्याला जागा करून दिली होती. त्या दिवशी ते गाडीत हट्टाने बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

हरिपूरच्या माळावर वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. साधी जमीन, त्यावर मातीचे उंचवटे. प्रत्येक उंचवट्याखाली रांजणासारखं पोट असलेलं खोल पेव, तोंड मात्र एका माणसापुरतं. आत उसाच्या पाल्याचं अस्तर, त्यात हळद. तोंड मातीने लिंपलं की वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही, कारण आतली हवा मरून जाते. आणि ज्या हवेत कीड जगत नाही, तिच्यात माणूसही जगत नाही. म्हणून पेव उघडायचं ते आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पेटता कंदील दोराने आत सोडायचा. तो जळत राहिला तरच उतरायचं.

काकांनी त्यावर आपले दोन नियम घातले होते. पहिला, दोर कमरेला बांधून मालकाने आधी उतरायचं. दुसरा, पेवाच्या तोंडाशी उभ्या कुणीही, अगदी पाणी देणाऱ्या बाईनेसुद्धा 'थांबा' म्हटलं की काम थांबवायचं आणि का म्हणून विचारायचं नाही. नंतर ते 'थांबा' उगाचच होतं असं कळलं, तरी काका त्या माणसाला म्हणायचे, "बरं केलंस."

मुकुलला पहिला नियम आवडला. त्यात मर्दानगी होती, चार लोक बघायचे. दुसरा म्हणजे त्याला भित्र्यांचे लाड वाटले. महिन्यापूर्वी कामावरच्या राहीबाईचा नवरा एका पेवावर 'थांबा' म्हणाला. मुकुलने का म्हणून विचारलं. त्याला नीट सांगता आलं नाही, नुसतं "वास बरूबर न्हाई" म्हणाला. संध्याकाळी त्याला घरी बसवलं. राहीबाई मात्र हळद निवडायला येतच राहिली, घर चालायला हवं ना. पण त्या दिवसापासून पेवांवर कुणी तोंड उघडेनासं झालं. मुकुल आप्पासोंना फोनवर अभिमानाने सांगायचा, "आता कसं शिस्तीत काम चालतं. एक आवाज नाही."

गाडी वडाखाली थांबली. पेवाचं तोंड उघडं होतं आणि कडेची काढलेली माती अजून ओली होती. ते मयूरीच्या लक्षात आलं. पेव आज सकाळीच उघडलं होतं. शिवाय हे अर्धं पेव. गेल्या साली निम्मी हळद काढून परत लिंपलेलं, म्हणजे आत मोकळ्या जागेत नुसती मेलेली हवा.

जोतीराम पुढे आला. वयाने काकांच्या बरोबरीचा, बोटं हळदीने कायमची पिवळी झालेला. "धाकलं मालक, सांजच्याला उतरूया का? वाईच ऊन खाऊ द्या त्याला."

"सांजच्याला पाहुणे गाडीत असतील. कंदील सोड."

जोतीरामने कंदील सोडला. मयूरी तोंडापासून हातभर अंतरावर उभी होती, नारळ घेऊन. उजेड खाली गेला, भिंतीवरचा पाला पिवळा दिसला. मग ज्योत लहान झाली, निळसर झाली आणि गेली.

जोतीरामने विझलेला कंदील वर ओढला.

"वाऱ्याने विझला," मुकुल म्हणाला.

वारा नव्हता. वडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. जोतीरामने तोंड उघडलं आणि परत मिटलं. दोर धरणारे दोघे आपल्या पायांकडे बघायला लागले. आप्पासो मागे पाहुण्यांना नदी दाखवत होते.

राहीबाई मयूरीच्या मागे येऊन उभी राहिली आणि पुटपुटली, "वैनी, तुमी सांगा की. वाऱ्यानं न्हाई इझला त्यो. आमी बोललो तर उद्या घरी बसाय लागंल. तुमचं ऐकतील मालक."

मयूरीला छातीत धडधड ऐकू यायला लागली. एकच शब्द तर म्हणायचा होता. पण तिला नवरा ठाऊक होता. त्याने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. चारचौघांत ती मध्ये बोलली की तो फक्त तिच्याकडे बघायचा, आणि मग घरात अबोला धरायचा. तिने वाढलेलं ताट तसंच राहायचं. ती माफी मागायची, कशाबद्दल ते माहीत नसतानाही मागायची. आणि आज तर त्याचे वडील बघत होते, पाहुणे बघत होते.

"अहो," ती म्हणाली.

मुकुलने बघितलं. तीच नजर.

"नारळ," ती म्हणाली आणि नारळ पुढे केला.

त्याने तो जोतीरामकडे दिला आणि दोर हातात घेतला. जोतीराम टोक कमरेला बांधायला वाकला, तर मुकुल म्हणाला, "सोड. मी काय विहिरीत उतरणारा पोहरा आहे का? धरून उतरतो."

तो उतरला. खांदे दिसेनासे झाले, डोकं दिसेनासं झालं. आतून आवाज आला, "आप्पा, बघा! काय भुतं आहेत का इथं?" आप्पासो लांबूनच हसले. मग हळदीवर काहीतरी बदकन पडलं आणि दोर सैल झाला.

"मालक?" जोतीरामने हाक मारली. "मालक! आवं मालक!"

आतून घोरल्यासारखा आवाज येत होता. जागा माणूस तसा श्वास घेत नाही. मयूरी किंचाळली की नाही ते तिला कधीच आठवलं नाही. ती पेवाकडे धावली आणि राहीबाईने तिला कमरेला विळखा घालून खाली पाडलं, एवढं आठवलं.

त्याच वेळी रिक्षा आली. काका चालत्या रिक्षातून उतरले. ओली माती, विझलेला कंदील, सैल दोर, सगळं त्यांनी एका नजरेत बघितलं आणि कुणाला काही न विचारता सदरा काढून दोर स्वतःच्या कमरेला बांधायला लागले. काकी मागून धावत येत ओरडत होत्या, "अहो नको! तुमचं हृदय!"

"लवकर उतर, गंगाधर!" आप्पासो आता पेवाच्या तोंडाशी गुडघ्यावर बसले होते. "माझा पोरगा आत आहे रे!"

काकांनी एक पाय आत टाकला.

"अण्णा, थांबा."

जोतीराम बोलला होता. इतके दिवस मिटलेलं तोंड त्या शब्दासाठी उघडलं होतं, आणि त्याच्या तोंडावर उघड भीती होती. "उतरू नगासा. तुमी गेला तर दोन मढी वढायची पाळी यील."

काकांचा पाय आत होता. खाली पुतण्या घोरत होता, समोर सख्खा भाऊ हात जोडत होता. मयूरीला वाटलं, आता तरी हा माणूस कुणाचं ऐकणार नाही. ऐकू नये, देवा, ऐकू नये.

काकांनी पाय वर घेतला.

"काय करू? सांग," ते जोतीरामला म्हणाले.

"गंगाधर!" आप्पासोंचा आवाज फाटला. "नोकर थांब म्हणतो आणि तू थांबतोस?"

"दादा, त्याने थांब म्हटलंय," काका म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते जागचे हलले नाहीत. त्या क्षणी मयूरीने त्यांचा जेवढा द्वेष केला, तेवढा आयुष्यात कुणाचा केला नव्हता.

मग जोतीराम भराभर बोलायला लागला. लिंबाच्या फांद्या तोडा, डहाळ्यांचा भारा दोराला बांधा, आत सोडा, वर ओढा, पुन्हा सोडा. हवा ढवळली पाहिजे. आणि तो बोलायला लागल्यावर बाकीच्यांचीही तोंडं मोकळी झाली. एक म्हणाला तोंडाची कड फोडूया, म्हणजे हवा शिरंल. राहीबाई म्हणाली, "अण्णा, दोर ह्या अंगानं धरा, त्या अंगाला मालक पडल्यात." जो जे सांगेल ते काका करत होते. इकडे धर म्हटलं की इकडे धरत होते, सोड म्हटलं की सोडत होते. भारा खाली जात होता, वर येत होता. प्रत्येक वेळी मयूरी कान देऊन ऐकायची, तो घोरणारा आवाज आहे ना. आहे. अजून आहे. मग एकदा भारा वर आला आणि तिला काहीच ऐकू आलं नाही.

"आवाज गेला!" ती ओरडली. "काका, आवाज गेला!"

"कंदील," जोतीराम म्हणाला.

पेटता कंदील खाली गेला. ज्योत बारीक झाली, फडफडली. ज्योत विझली नाही. जोतीरामने दोर कमरेला करकचून बांधला, दुसरा हातात घेतला आणि काकांना म्हणाला, "मी एक हिसका दिला की वढा. न्हाईच दिला तरीबी वढा."

तो खाली उतरला, काकांनी दोर घट्ट धरून ठेवला. मग हिसका आला. आधी मुकुल वर आला, काखेत दोर अडकलेला, ओठ निळे, अंगभर हळद. नवरदेवाच्या अंगाला लावतात तशीच ती दिसत होती, आणि ते बघून मयूरीला भडभडून आलं. त्याच्यापाठोपाठ जोतीरामला ओढून काढलं. तो मातीवर पालथा पडून ओकायला लागला. मुकुलची छाती हलत नव्हती. काकीच त्याच्या गालांवर थपडा मारत सुटल्या, "ऊठ, मेल्या, ऊठ!" आणि दोर धरणाऱ्यांपैकी एकाने त्याची छाती दाबायला घेतली. कितीतरी वेळाने, निदान मयूरीला तरी तसंच वाटलं, मुकुल खोकला.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नळी लावली आणि सांगितलं की वाचला, पण शुद्ध येईपर्यंत डोक्याचं काही सांगता येणार नाही. मयूरी त्याच्या खाटेजवळ बसली. तिची भीती जायला तयार नव्हती, नुसती जागा बदलत होती.

खोलीच्या दाराबाहेर जोतीराम भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. दोराने त्याच्या तळहातांची सालटी गेली होती. आप्पासो त्याच्यासमोर उभे होते.

"ह्याला माहीत होतं! कंदील विझला ते ह्यानं बघितलं आणि गप्प बसला. माझ्या पोराला मुद्दाम उतरू दिलं. फौजदाराला मी निरोप धाडलाय. मुकुल शुद्धीवर आला की त्याचा जबाब होऊ दे, मग ह्याला बघतो."

जोतीरामने फक्त वर बघितलं, आणि मयूरीला दिसलं की हा म्हातारा मघाच्या पेवापेक्षाही ह्या शब्दांना जास्त भ्यायलाय.

"दादा, चूक माझी आहे," काका म्हणाले. "गाडीतून मी मागे सरायला नको होतं. पेव कधी उघडलं ते मी खोदून विचारलं नाही. मुकुल रागावेल म्हणून मीही..."

"तू बोलूच नकोस! माझा मुलगा मरत होता आणि तू काठावर उभा राहिलास. मी विसरणार नाही हे."

तेव्हा काकी उठल्या. आज सकाळपर्यंत त्या आप्पासोंच्या बाजूने होत्या. नवऱ्याने आता घरी बसावं, मुकुलने सगळं बघावं, असं त्यांनीच शंभर वेळा म्हटलं होतं.

"विसरू नका, भावोजी. मीही विसरणार नाही," त्या म्हणाल्या. "हे उतरले असते तर आज माझं कुंकू पुसलं असतं आणि तुमचा मुलगाही गेलाच असता. जोतीराम बोलला म्हणून दोघं आहेत. आणि कंदील विझला तेव्हा तुम्ही कुठं होता? नदी दाखवत होता ना?"

काका बायकोकडे असे बघत राहिले, जणू तिला पहिल्यांदाच बघत होते.

उन्हं कलली तेव्हा मुकुलने डोळे उघडले. त्याने मयूरीचं नाव घेतलं, आप्पांचं घेतलं, आणि डॉक्टर समाधानाने निघून गेले. आप्पासो त्याच्या उशाशी वाकले. दारात काका, काकी आणि त्यांच्या मागे जोतीराम.

"बाळा, फौजदार येतोय. तू फक्त खरं सांग. ह्या मुकादमाला ठाऊक होतं की नाही?"

मुकुलने जोतीरामकडे बघितलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ठाऊक होतं. मी त्याचं तोंड बघितलं होतं. त्याला ठाऊक होतं आणि तो बोलला नाही."

"ऐकलंत!" आप्पासो सगळ्यांकडे वळले.

मयूरीला पुन्हा ती छातीतली धडधड ऐकू आली, सकाळचीच. तिला वाटलं, पाणी आणायला जावं. काहीतरी पुढे करावं.

"मलाही ठाऊक होतं," ती म्हणाली.

आप्पासोंना आधी कळलंच नाही. "काय?"

"कंदील वाऱ्याने विझला नव्हता, हे मलाही ठाऊक होतं. राहीबाईने मला सांगितलंही. मी ह्यांच्या हातभर अंतरावर उभी होते, मामंजी. जोतीरामबाबांचा जबाब घेणार असाल तर आधी माझा घ्या."

"सूनबाई, तोंड सांभाळ!"

"बोलू द्या तिला," काका म्हणाले.

मुकुलने मान तिच्याकडे वळवली. त्याला ती वळवायलाही त्रास होत होता. "तू माझी बायको आहेस," तो म्हणाला. "जोतीराम नोकरीला भ्याला, समजू शकतो. तू का नाही बोललीस?"

तिने त्याच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याने वाचलं असावं, कारण त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं.

"माझी एवढी भीती वाटते तुला?"

आजारी माणूस, मरणाच्या दारातून आलेला. सगळे बघत होते. एक 'नाही' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं, घरात पूर्वीसारखं सगळं सुरळीत झालं असतं.

"हो," मयूरी म्हणाली.